रक्तनमुना : तपासणीतील विलंब

रक्त शरीराबाहेर काढल्यावरही त्यातील पेशी जिवंत असतात आणि नळीतली ग्लुकोज वापरत राहतात. त्यामुळे पेशी वेगळ्या न करता खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या नमुन्यातील साखर ताशी सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या असतील तर याहूनही वेगाने. मधुमेहाचे निदान सीमारेषेवर असलेल्या रुग्णाच्या दृष्टीने ही घट क्षुल्लक नाही, त्याचा आजार नजरेआड राहू शकतो. साखरेसाठी वापरायच्या नळीत सोडियम फ्लोराइड असते, पण त्याचा पूर्ण परिणाम व्हायला तासाहून अधिक वेळ लागतो. सिट्रेटयुक्त नळी ही क्रिया जवळजवळ लगेच थांबवते.

पोटॅशियमची गत उलटी. अख्खे रक्त फ्रिजमध्ये ठेवल्यास पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो, पोटॅशियम बाहेर झिरपते आणि अहवालात खोटी वाढ दिसते. म्हणून नमुना बर्फात ठेवला की तो सुरक्षित झाला, ही समजूत धोक्याची आहे. गावातील संकलन केंद्रावरून शहरातील प्रयोगशाळेत नमुने पाठवताना साधारणतः दोन तासांच्या आत सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून रक्तद्रव वेगळा करणे, हाच भरवशाचा उपाय. हिमोग्लोबिन ए१सी मात्र फ्रिजमध्ये काही दिवस टिकते.