हवेचा टेकू

बॉनेट उचलायचं, एका हाताने ते डोक्यावर तोलून धरायचं, दुसऱ्या हाताने खालची सळई चाचपायची, तिचं टोक बॉनेटच्या भोकात अडकवायचं आणि मगच इंजिनाकडे बघायचं. आमच्या काकांच्या जुन्या गाडीचं ते भोक झिजलं होतं. एकदा घाटात वाऱ्याच्या झोताने सळई निसटली आणि बॉनेट काकांच्या मनगटावर आदळलं. हाड वाचलं. पण त्यानंतर रेडिएटरमध्ये पाणी घालायचं असलं की सळई धरून उभं राहायचं काम माझ्याकडे आलं.

गेल्या महिन्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या गाडीची सळई काढून मी दोन्ही बाजूंना गॅस स्ट्रट, म्हणजे गॅस कोंडलेली नळकांडी, बसवून घेतले. मिस्त्री त्यांना ‘हायड्रॉलिक’ म्हणत होते, हाताखालचा पोरगा ‘शॉकअप’. दोन्ही नावं काटेकोर बघितली तर चुकीची. तरीही मला ती फार मोलाची वाटतात, कारण या नळकांड्याचं अर्धं कूळ त्या दोन नावांतच सापडतं.

मूळ पुरुष मात्र दोन्ही नावांच्या पलीकडचा. रॉबर्ट बॉईलने १६६० साली इंग्लंडमध्ये हवेवरच्या प्रयोगांचं पुस्तक छापलं आणि त्याच्या नावातच ‘हवेची स्प्रिंग’ असा शब्दप्रयोग केला. हवेचे कण लोकरीच्या ढिगासारखे एकमेकांवर पडलेले असतात, दाबले की दबतात आणि सोडले की फुगून वर येतात, असं त्याने समजावून सांगितलं. पुढे वाकवलेल्या काचनळीत पारा ओतून त्याने मोजमाप केलं: दाब दुप्पट केला की हवेचं आकारमान निम्मं होतं. शाळेत आपण सूत्र म्हणून घोकतो तो हाच नियम. गॅस स्ट्रट ही अक्षरशः बॉईलची हवेची स्प्रिंग आहे.

‘हायड्रॉलिक’ या नावाचा धागा तोफखान्यात जातो. जुनी तोफ डागली की चाकांसकट मागे उसळायची आणि दर गोळ्यानंतर नव्याने नेम धरावा लागायचा. फ्रान्सच्या १८९७ सालच्या ७५ मिलिमीटर तोफेत नुसती नळी मागे सरके, गाडा जागेवर राही. सरकणारी नळी तेल ढकलायची, तेल कोंडलेल्या हवेला दाबायचं, आणि धक्का जिरला की तीच हवा नळीला सावकाश पूर्वजागी आणून ठेवायची. हवेने जोर साठवायचा आणि तेलाने त्याला लगाम घालायचा, ही कामाची वाटणी इथे पक्की झाली.

‘शॉकअप’ म्हणजे अर्थात शॉक ॲब्सॉर्बर. खड्ड्यांतून पळताना त्यातल्या तेलाला फेस यायचा आणि त्याचा जोर जायचा. क्रिश्चन बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याने तेल दाबाखाली ठेवण्यासाठी नळकांड्यात गॅस कोंडला आणि दोहोंमध्ये तरंगता दट्ट्या घातला. १९५७ पासून बिलस्टाइनने असे शॉक ॲब्सॉर्बर मर्सिडीजसाठी बनवायला घेतले. सिट्रोएनने तर १९५५ च्या डीएस गाडीचा सगळा भार नायट्रोजन भरलेल्या गोलांवर तोलला होता. उच्च दाबाचा गॅस वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचा, आत-बाहेर सरकणारा दांडा असूनही गळू द्यायचा नाही, ही करामत आता कारखान्यांच्या हातात आली होती. जर्मनीतल्या कोब्लेंझच्या स्टॅबिलस कंपनीने १९६२ साली गॅस स्प्रिंगचं, म्हणजे अशाच स्ट्रटचं, मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केलं. पुढे फोक्सवॅगन गोल्फसारख्या, मागचं अख्खं दार छताकडे उघडणाऱ्या गाड्या घरोघरी आल्या. ते दार सळईने तोलणं अवघड, गॅसने सोपं. डिकी, बॉनेट, ऑफिसातली वरखाली होणारी खुर्ची अशी मग या कुळाची शाखा पसरत गेली.

मिस्त्रींनी स्ट्रट माझ्या हातात दिला. बाहेरून काळं नळकांडं, त्यातून निघालेला करंगळीपेक्षा बारीक चकचकीत दांडा, आणि अंगावर छापलेला ३०० चा आकडा. म्हणजे ३०० न्यूटन, ढोबळ हिशेबाने ३० किलोंचा जोर. तो टेबलावर उभा करून सगळं वजन टाकलं तेव्हा कुठे दांडा आत गेला.

आत दट्ट्याला बारीक भोकं असतात, त्यामुळे त्याच्या दोन्ही अंगांना गॅसचा दाब सारखाच. मग दांडा बाहेर का येतो? कारण ज्या अंगाला दांडा जोडलेला आहे, तिथे दांड्याच्या जाडीएवढी जागा गॅसला दाबायला मिळत नाही. तेवढ्याच फरकाचा हा सगळा खेळ. दांडा ८ मिलिमीटरचा असेल तर ही जागा जेमतेम अर्धा चौरस सेंटिमीटर भरते. आत वातावरणाच्या ६० पट दाब असला की तेवढ्यातून ३० किलोंचा जोर निघतो. गॅस नायट्रोजनच घ्यायचा, कारण दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले तर भडका उडू शकतो.

बसवण्यातली कला जागा निवडण्यात आहे. बॉनेट १५ किलोंचं आणि त्याचा भार बिजागरीपासून अर्ध्या मीटरवर धरा. स्ट्रटची रेषा बिजागरीपासून १२ सेंटिमीटरवरून गेली, तर दोघांना मिळून ६० किलोंच्या आसपास जोर लागतो. बॉनेट मिटलं की हीच रेषा बिजागरीजवळ सरकली पाहिजे. मग स्ट्रटचा जोर थोडा वाढला तरी त्याची तरफ तोकडी पडते आणि बॉनेट आपल्या वजनाने खाली राहतं. मिस्त्रींनी कागदावर एक आकडा मांडला नाही. बॉनेट अर्ध्यावर धरून त्यांनी स्ट्रट ज्यावर अडकतो त्या गोळ्याच्या बोल्टची जागा दोनदा खडूने बदलली. ‘जास्त जोराचं घातलं तर बिजागरीपाशी पत्रा वाकतो,’ एवढंच म्हणाले.

दांडा त्यांनी खालच्या अंगाला ठेवला. कारण आत थोडं तेल असतं. ते खाली साचून सील ओलं ठेवतं, आणि उघडताना शेवटच्या टप्प्यात दट्ट्या त्या तेलात शिरून मंदावतो. पोराला त्यांनी दटावून सांगितलं, जुना स्ट्रट कापायचा नाही, जाळात टाकायचा नाही. बॉनेट तोलेनासा झाला तरी आत कोंडलेला दाब बाकी असतोच.

थंडीत गॅसचा दाब उतरतो, उन्हात चढतो. १० अंशांवरच्या पहाटेपेक्षा ४५ अंशांच्या विदर्भी दुपारी हाच स्ट्रट जवळपास १२ टक्के जास्त जोर लावेल. तीही कोंडलेल्या हवेचीच सवय.

काम झाल्यावर मी बॉनेट हातभर उचललं आणि सोडलं. ते आपणहून वर गेलं, शेवटच्या वितीला सावकाश झालं आणि थांबलं. तोफेची नळी अशीच जागेवर येत असेल. मी डिपस्टिक काढली, फडक्याने पुसली, पुन्हा घातली. हे करताना माझे दोन्ही हात कामात होते आणि सळई धरायला शेजारी कोणी उभं नव्हतं.