वायफायचे चॅनेल निवडताना

इंटरनेटची जोडणी वेगवान, राऊटर नवा, मोबाइलवर वायफायच्या रेघाही पूर्ण. तरी ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलाच्या ऑनलाइन वर्गातील शिक्षकांचा आवाज तुटतो. दाटीवाटीच्या गृहसंकुलांत हा अनुभव नवा नाही. ग्राहक सेवा देणाऱ्या कंपनीला बोल लावतो. दोष मात्र अनेकदा चॅनेलच्या निवडीत असतो.

भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला. २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ एवढ्याच जागेत वायफाय, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधून झिरपणाऱ्या लहरी यांना एकत्र नांदावे लागते. वायफायसाठी यात १ ते १३ असे चॅनेल आहेत. पण हा आकडा फसवा आहे. लगतच्या दोन चॅनेलांत अंतर अवघे ५ मेगाहर्ट्झचे, तर राऊटरचे प्रक्षेपण सुमारे २० मेगाहर्ट्झ रुंद. त्यामुळे परस्परांवर आक्रमण न करणारे नेहमीचे चॅनेल तीनच उरतात : १, ६ आणि ११.

येथेच बहुतेकांची गफलत होते. शेजारी १ आणि ६ वर आहेत, म्हणून रिकामा दिसणारा ३ निवडला जातो. वस्तुतः एकाच चॅनेलवरील राऊटर परस्परांचे संदेश ओळखतात आणि पाळीपाळीने बोलतात. वेग वाटला जातो, पण शिस्त राहते. ३ वरील राऊटरला मात्र दोन्हीकडचे संभाषण निव्वळ गोंगाट वाटते. संदेश विस्कटतात, पुन्हा धाडावे लागतात आणि तिन्ही घरांचे नुकसान होते. अशा वेळी ११ मोकळा नसेल, तर ३ पेक्षा गर्दीचा ६ बरा.

आसपासचे चॅनेल दाखवणारी ॲप अँड्रॉइड फोनवर मिळतात. त्यांत नावांची संख्या मोजण्यापेक्षा जोर पाहावा : उणे ८५ डेसिबलचे चार दूरचे राऊटर उणे ४५ च्या एका शेजाऱ्याइतके त्रासदायक नसतात. २.४ च्या पट्ट्यात रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवावी. ४० केल्यास जवळपास अर्धा पट्टा एकाच घराने अडवला जातो. 'ऑटो'वर विसंबणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे, की अनेक राऊटर चॅनेल केवळ सुरू होताना निवडतात. सकाळची निवड रात्रीच्या गर्दीत टिकेलच असे नाही.

५ गिगाहर्ट्झमध्ये जागा ऐसपैस आहे. २०१८ मध्ये भारतात तेथील ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त झाले. मात्र या लहरी भिंतींपुढे लवकर क्षीण होतात. ५२ ते १४४ या चॅनेलांवर रडारची चाहूल लागताच राऊटरला जागा सोडावी लागते. त्यामुळे विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ यांतून निवड करावी.