फिरती परिचारिका आणि तिचा मध्यस्थ

दुखणें कोणाची सोय पाहून येत नाहीं, आणि दुखणेकऱ्याची शुश्रूषा करणारें शिकलेलें माणूस जेथें हवें तेथेंच असतें असेंही नाहीं. एका शहरीं इस्पितळांतील खाटा भरलेल्या, पण हात अपुरे. दुसऱ्या शहरीं हात आहेत, पण त्यांस मनाजोगें काम नाहीं. या दोहोंची गांठ घालून देणें हा एक जुना व्यवसाय आहे. जो गांठ घालून देतो तो मध्यस्थ, आणि मध्यस्थ म्हटला कीं त्याची अडत आली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आज हजारों परिचारिका आपलें गांव सोडून तीन तीन महिन्यांच्या करारानें परक्या राज्यांतील इस्पितळांत कामास जातात. त्यांस तेथें प्रवासी परिचारिका म्हणतात. इस्पितळ आणि परिचारिका यांच्यामध्यें एक नेमणूक करणारी कंपनी उभी असते. ही पद्धति नवी भासते खरी. परंतु तिचीं मुळें दीडशें वर्षांमागें जातात, आणि तिच्यांतील मुख्य प्रश्नही तितकाच जुना आहे. रोग्याच्या शुश्रूषेसाठीं जो पैसा दिला जातो, त्यांतील किती शुश्रूषा करणारीच्या हातीं पडतो, आणि तो हिशेब तिला पाहावयास मिळतो कीं नाहीं, हा तो प्रश्न होय.

या कथेचा आरंभ इंग्लंडांत होतो. १८४० सालीं एलिझाबेथ फ्राय या बाईंनीं लंडनमध्यें घरोघरीं जाऊन शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था काढली. पुढें १८६० सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नांवाची शिक्षणशाळा सेंट टॉमस इस्पितळांत सुरू झाली, आणि शिकलेल्या परिचारिकेस समाजांत मान मिळूं लागला. मान मिळाला तशी मागणी वाढली, आणि मागणी वाढतांच ती पुरविणाऱ्या संस्थाही वाढल्या. त्यांतील कित्येकींची रीत अशी होती कीं, परिचारिकेस सालाचें ठराविक वेतन द्यावयाचें, आणि श्रीमंत घरांतून तिच्या कामाबद्दल दर आठवड्यास येणारी फी मात्र संस्थेनें ठेवावयाची. रात्र रात्र जागणारी एक, आणि मिळकत मोजणारा दुसरा, असा हा प्रकार होता. त्यावर १८९१ सालीं लंडनमध्यें 'नर्सेस को-ऑपरेशन' नांवाची सहकारी संस्था निघाली. तिचा नियम साधा होता. फी परिचारिकेची; संस्थेनें कचेरीच्या खर्चापुरता शेंकडा लहानसा भाग तेवढा कापून घ्यावयाचा. मध्यस्थ नाहींसा झाला नाहीं. त्याची वही उघडी झाली, इतकेंच. पण तेवढ्यानें परिचारिकेची स्थिति पालटली.

अमेरिकेंत परिचारिकांच्या पहिल्या मोठ्या शाळा १८७३ सालीं न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बोस्टन येथें निघाल्या. तेथील एक विलक्षण गोष्ट अशी कीं, इस्पितळांतील बहुतेक काम विद्यार्थिनींकडूनच करून घेत. त्यामुळें शिक्षण पुरें होतांच त्या मुलीस इस्पितळांत जागा नसे. तिनें लोकांच्या घरीं खासगी शुश्रूषा करून पोट भरावें, हाच मार्ग उरे. मग तिला रोगी सांपडावा कसा? त्यासाठीं नोंदवह्या निघाल्या. बोस्टनच्या वैद्यकीय ग्रंथालयानें १८८० च्या सुमारास अशी वही ठेवली. ज्या फिलाडेल्फियांत आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळांत वैद्यक शिकल्या, त्या शहरांतील वैद्यांच्या मंडळानेंही १८८२ सालीं अशीच वही उघडली होती. वहींत परिचारिकेचें नांव, तिचें शिक्षण, आणि पूर्वीं जेथें काम केलें तेथील डॉक्टरांचें व कुटुंबाचें मत टिपलेलें असे. कोणी आजारी पडलें कीं डॉक्टर तेथें निरोप धाडी, आणि नोंदणीची फी भरून वाट पाहत बसलेली परिचारिका आपली पेटी उचलून निघे. पुढें औषधांच्या दुकानदारांनीं आणि निव्वळ धंदेवाल्यांनींही अशा वह्या ठेवल्या. कांहीं ठिकाणीं परिचारिकांच्या स्वतःच्या संघांनीं त्या चालविल्या.

या वह्यांत जसा आधार होता तसा काचही होता. वहीवाल्याची मर्जी गेली तर काम गेलें. १८७९ सालीं पदवी मिळविणाऱ्या मेरी माहोनी या अमेरिकेंतील पहिल्या शिक्षित कृष्णवर्णीय परिचारिका. त्यांनीं खासगी शुश्रूषेंत अनेक वर्षें नांव मिळविलें. परंतु त्यांच्या वंशाच्या कित्येक भगिनींस पुष्कळ नोंदवह्यांची दारें बंदच राहिलीं. काम कोणास द्यावयाचें हें ठरविणाऱ्याच्या हातीं केवढी सत्ता असते, तें यावरून दिसून येतें.

१९२९ च्या आर्थिक पडझडीनंतर घरीं परिचारिका ठेवण्याची ऐपत लोकांत उरली नाहीं. हजारों परिचारिका रिकाम्या बसल्या, आणि हळूहळू त्या इस्पितळांच्या पगारी नोकर झाल्या. वह्यांचें महत्त्व ओसरलें. पण १९६५ सालीं वृद्ध व गरीब यांच्या औषधोपचाराचा भार सरकारनें उचलल्यावर इस्पितळांचा व्याप वाढला, अतिदक्षतेचे विभाग निघाले, आणि परिचारिका पुन्हां कमी पडूं लागल्या. हिवाळ्यांत उत्तरेकडील वृद्ध लोक उबेसाठीं फ्लोरिडा व ॲरिझोना या राज्यांत उतरत; तेवढ्या चार महिन्यांसाठीं कायमची नोकर माणसें ठेवणें तेथील इस्पितळांस परवडेना. या गरजेंतून १९७० नंतरच्या दशकांत प्रवासी परिचारिका पुरविणाऱ्या कंपन्या पुढें आल्या. एकेक करार बहुधा तेरा आठवड्यांचा ठरूं लागला. कॅलिफोर्नियांत १९९९ सालीं, किती रोग्यांमागें एक परिचारिका असावी याचा कायदा झाला. २००४ पासून त्याचा अंमल सुरू होतांच जागा भरा नाहीं तर खाट रिकामी ठेवा, अशी वेळ आली, आणि कंपन्यांची चलती झाली. प्रत्येक राज्याचा परवाना निराळा ही मोठी अडचण होती. २००० सालीं मेरीलँड, टेक्सास, युटा व विस्कॉन्सिन यांनीं एकमेकांचे परवाने मानण्याचा करार अमलांत आणला. पुढें त्यांत चाळिसांहून अधिक राज्यें व प्रदेश आले.

आतां या व्यवहाराची घडण पाहावी. इस्पितळ दर तासाचा एक आंकडा कंपनीस देतें. त्यांतून कंपनी आपला खर्च, विमा व नफा काढते आणि उरलेलें परिचारिकेस देते. कांहीं भाग तासाच्या वेतनाचा, कांहीं राहण्याखाण्याच्या भत्त्याचा. भत्त्यावर प्राप्तीचा कर पडत नाहीं. परंतु तिचें कायमचें घर खरोखर दुसरीकडे असेल, त्या घराचा खर्च ती सोशीत असेल, आणि एका ठिकाणचें काम वर्षाच्या आंत आटोपणारें असेल, तरच. हें न जाणणारी परिचारिका मोठ्या आंकड्यास भुलते आणि मागाहून कराच्या तगाद्यांत सांपडते. म्हणून जाणत्या परिचारिका करारांत कांहीं गोष्टी आधीं पाहतात: आठवड्यास किती तास नक्की मिळतील, इस्पितळानें मध्येंच नको म्हटलें तर काय, दुसऱ्या विभागांत पाठविलें तर चालेल काय, आणि बदललेल्या अटी लेखी येतील काय. तोंडी आश्वासन गोड असतें, पण घरभाडें त्यानें भागत नाहीं.

करार कोणाच्या बाजूनें किती पक्का असतो, याची परीक्षा करोनाच्या सांथींत झाली. २०२० च्या वसंतांत न्यूयॉर्कमध्यें इस्पितळें भरून गेलीं, आणि आठवड्यास पांच हजार डॉलर व त्याहूनही अधिक देण्याच्या जाहिराती निघाल्या. परिचारिका जिवावर उदार होऊन देशाच्या दूरदूरच्या भागांतून धांवल्या. शेजारच्याच खाटेवर तेंच काम करणाऱ्या कायमच्या परिचारिकेस याहून फार थोडें मिळे. तिच्या मनांत सल राहिला. जानेवारी २०२२ मध्यें अमेरिकेच्या कायदेमंडळांतील सुमारें दोनशें सभासदांनीं या कंपन्यांच्या दरांची चौकशी करावी असें सरकारास लिहिलें. त्याच वर्षीं मागणी उतरली, आणि कित्येक परिचारिकांस, घर भाड्यानें घेऊन कामास लागल्यावर, कमी वेतन पत्करा नाहीं तर करार संपला समजा, असा निरोप आला. त्यावर कोर्टांत दावे झाले. भाव चढतांना तो कोणामुळें चढला हें तिला कळलें नव्हतें. उतरला तेव्हांही वही मिटलेलीच होती.

हा प्रश्न भारतासही परका नाहीं. आखाती देशांत जाणाऱ्या परिचारिकांकडून, कायद्यानें ठरलेली अडत वीस हजार रुपयांच्या आंत असतां, लाखों रुपये उकळल्याचें २०१५ सालीं केरळांत उघडकीस आलें. त्याच वर्षीं भारत सरकारनें अशा अठरा देशांसाठींची परिचारिकांची भरती सरकारी संस्थांकडे सोंपविली. इंग्लंडनें तर १९५७ च्या कायद्यानेंच परिचारिका पुरविणाऱ्या संस्थांस परवाना व नोंदी आवश्यक केल्या होत्या.

मध्यस्थ हा स्वभावतः वाईट नव्हे. अनोळखी शहरीं काम, घर आणि परवाना यांची जोड घालून देणारा कोणी नसता, तर कित्येक रोगी शुश्रूषेवांचून राहिले असते. पण दीडशें वर्षांचा इतिहास एकच गोष्ट पुनःपुन्हां सांगतो. सहकारी संस्थेच्या रूपानें असो, कायद्याच्या धाकानें असो, वा परिचारिकेच्या स्वतःच्या जागरूकतेनें असो, जेथें वही उघडी राहिली तेथें फिरतीचें काम तिला स्वातंत्र्य देणारें ठरलें. आणि जेथें ती मिटली, तेथें तीच फिरती तिच्या अनिश्चिततेचें कारण झाली. दुसऱ्याची नाडी अचूक मोजणाऱ्या हातांस आपल्या श्रमाचें मोलही मोजतां यावें, एवढीच ही मागणी आहे, आणि ती १८९१ सालीं जितकी न्याय्य होती तितकीच आजही आहे.