शंभराचे एकशे चव्वेचाळीस

फाळणीनंतर भारत आणि पाकिस्तानचे रुपये समान मूल्याचे होते. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचे अवमूल्यन केले. भारताने त्याचे अनुकरण केले. पाकिस्तानने केले नाही. भारतीय रुपया सुमारे ३०.२ अमेरिकी सेंटवरून २१ सेंटवर उतरला, पाकिस्तानी रुपया जागीच राहिला. भागाकार करून पाहा: १०० पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये! भारताने हा दर नाकारला आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला. तागाच्या गिरण्या कलकत्त्याभोवती, तर उत्तम ताग पिकवणारी शेते पूर्व बंगालात. गिरण्यांना कच्चा माल मिळेना, शेतकऱ्यांना गिऱ्हाईक. अखेर फेब्रुवारी १९५१ च्या करारात भारताने हा दर स्वीकारला. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केले व दोन्ही रुपये पुन्हा समान झाले. वर्गात मिनिटभरात सुटणारा हा भागाकार मान्य व्हायला सुमारे दीड वर्ष लागले होते.