मोबाइलचं चिलखत
जाडजूड कव्हर घालून मोबाइलचं देखणेपण कशाला झाकायचं, असं मला पुष्कळजण विचारतात. उत्तर इतिहासात आहे. २००० साली आलेल्या नोकिया ३३१० ला चिलखत अंगचंच होतं : प्लॅस्टिकचं कवच आणि इवलासा पडदा. २००७ मध्ये आयफोन आला, त्याचा दर्शनी भाग काचेचा. २०१० च्या आयफोन ४ ची पाठही काचेची. फोन देखणा झाला, पण त्याला सांभाळण्याचं काम कारखान्याकडून आपल्या गळ्यात आलं. म्हणून मी म्हणतो, कव्हर जरूर घ्यावं. मात्र नुसती जाडी पाहू नये. कोपरे मऊ हवेत, म्हणजे धक्का तिथे जिरतो. आणि कड काचेहून किंचित उंच हवी. मग खिसा थोडा फुगला तरी बिघडत नाही.