पाचवीच्या पुढं काय शिकतात? तंजावरच्या शाळांची गोष्ट



बचत गटाच्या बैठकीत एक वाक्य आपल्या सगळ्यांच्या कानावर पडतं. "पोरगी पाचवीपर्यंत शिकली, सही येते, चार अक्षरं वाचते. आता पुढं शिकून काय करायचंय?" ऊसतोडीला जायची वेळ आली की हे वाक्य जास्तच ऐकू येतं. म्हणून आज आपण सहावी-सातवीच्या वयाच्या मुलांना शाळेत काय शिकवायचं असतं, ते इतिहासातून बघू. त्यासाठी आपल्याला जालन्यापासून फार लांब, थेट तमिळ मुलखात जायचंय.

तसं तंजावर आपल्याला अगदीच परकं नाही. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तिथं मराठी राज्य उभं केलं. आपल्या घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत जन्मलेल्या समर्थ रामदासांच्या शिष्यांनी तिथं मठ काढले. राजवाड्यात मराठी बोलत, दप्तरही मराठीत, मोडी लिपीत लिहीत.

त्याच मुलखात समुद्रकाठी तरंगमबाडी नावाचं गाव आहे. तिथं डेन्मार्क देशाच्या व्यापाऱ्यांची वखार होती. 1706 साली तिथं जर्मनीहून दोन तरुण पाद्री उतरले. त्यातल्या एकाचं नाव झिगेनबाल्ग. हे लुथरन पंथाचे. मार्टिन लुथर या जर्मन धर्मसुधारकाच्या मार्गानं चालणारे ख्रिस्ती ते लुथरन. देवाचं पुस्तक प्रत्येकाला आपापल्या बोलीत वाचता यावं, असा लुथरचा आग्रह होता. त्यानं स्वतः बायबल जर्मन भाषेत आणलं. वाचायचं तर शाळा हवी, म्हणून 1524 साली त्यानं शहरांच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून शाळा काढायला सांगितलं, आणि त्यात मुलींच्या शिक्षणाचीही बाजू घेतली.

त्यामुळं हे लोक जिथं गेले तिथं चर्चबरोबर शाळाही निघाली. तरंगमबाडीत पाद्री आधी स्वतः तमिळ शिकले, मग मुलांना तमिळमध्ये शिकवू लागले. 1707 साली त्यांनी तिथं मुलींसाठीही शाळा काढली. पुण्यात सावित्रीबाई आणि जोतिबांनी 1848 साली मुलींची शाळा काढली, त्याच्या 141 वर्षं आधीची ही गोष्ट. धर्म वाढवणं हा त्यांचा हेतू होताच, ते तो लपवत नव्हते. पण अक्षर एकदा हाती आलं की त्याचा उपयोग ज्याचा तो ठरवतो. हे तंजावरच्या एका मुलानं दाखवून दिलं.

त्या मुलाचं नाव सरफोजी. जन्म 1777 चा. तंजावरच्या तुळजाराजांना वारस नव्हता, म्हणून त्यांनी 1787 साली भोसले घराण्यातल्याच या दहा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतलं. राजे मरणपंथाला लागले होते. त्यांनी मुलाची काळजी श्वार्ट्झ नावाच्या लुथरन पाद्र्यावर सोपवली. राजे गेले आणि त्यांचे भाऊ अमरसिंह गादीवर बसले. पोर जवळजवळ कैदेत पडलं. त्याला कोंडून ठेवत आणि शिकूही देत नव्हते. दत्तक पोराला अडाणी ठेवलं की त्याचा हक्क आपोआप मोडतो, हे दरबाराला चांगलं कळत होतं. मैत्रिणींनो, ही युक्ती राजवाड्यापुरती नाही. बहिणीला सातबारा वाचता येऊ नये असं वाटणारे भाऊ आपल्याही पाहण्यात असतात.

श्वार्ट्झनं इंग्रजांकडं तक्रार लावून धरली. 1793 साली सरफोजीला आणि तुळजाराजांच्या विधवा राण्यांना मद्रासला हलवलं. तिथं गेरिके या दुसऱ्या लुथरन पाद्र्यानं त्याचं शिक्षण पुढं नेलं. 1798 साली सरफोजी गादीवर बसला. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला होता.

आता ही मंडळी शिकवायची काय आणि कसं? श्वार्ट्झ स्वतः जर्मनीतल्या हाले गावी शिकला होता. तिथं फ्रांके नावाच्या लुथरन पाद्र्यानं अनाथ आणि गरीब मुलांसाठी 1695 पासून मोठ्या शाळा उभ्या केल्या होत्या. तिथं अक्षरओळख आणि पाढे झाले की थांबत नसत. वाढत्या मुलांना भूगोल, ग्रहतारे, झाडपाला, यंत्रं हे सगळं शिकवत. नुसतं पाठ करून घेण्यापेक्षा वस्तू समोर ठेवून दाखवण्यावर भर असे. शाळेत शंखशिंपले, दगडधोंडे, नकाशे यांचा संग्रह होता. हातकामही शिकवत.

खालच्या वर्गात मूल वाचायला शिकतं आणि वरच्या वर्गात वाचून जग समजून घ्यायला शिकतं. बेरीज येणं वेगळं आणि सावकारानं लावलेलं व्याज बरोबर आहे का हे काढता येणं वेगळं. गावाचं नाव लिहिता येणं वेगळं आणि नकाशावर आपलं गाव, आपली दुधना नदी, आपलं धरण दाखवता येणं वेगळं. पाचवीला शाळा सोडली तर पहिलं काम झालेलं असतं, दुसरं नुकतंच सुरू होणार असतं.

सरफोजीच्या हाती राज्य फारसं उरलं नाही. 1799 च्या तहानं कारभार इंग्रज कंपनीनं घेतला. तेव्हा या राजानं आपलं लक्ष विद्येकडं वळवलं. त्यानं नव्या विद्येच्या शाळा काढल्या. तिथं मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, फारसी आणि इंग्रजी अशा भाषा शिकवत. देवनागरी अक्षरांचा छापखाना घातला आणि इसापाच्या गोष्टी मराठीत छापवल्या. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, ते आजही तंजावरात आहे. डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून त्यांच्या नोंदी चित्रांसह ठेवल्या.

आम्हाला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र एका नाटकाची. सरफोजीच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी गाण्यांचं नाटक आहे. कुरवंजी म्हणजे हात बघून भविष्य सांगणारी डोंगरातली बाई. आपल्याही दारावर अशा बायका येत. या नाटकातली बाई गाण्यातून जगाचा भूगोल सांगते. कुठले खंड, कुठले देश, ते सारं तिच्या तोंडी घातलंय. पाद्र्यांकडून आलेली नवी विद्या राजानं आपल्या भाषेत, आपल्या चालीवर, आणि एका बाईच्या तोंडून मांडली.

प्रवाशांच्या धर्मशाळांना तिकडं छत्रम म्हणत. तिथं वाटसरूला जेवण, आजाऱ्याला औषध, अडलेल्या बाळंतिणीची देखभाल आणि पोरक्या मुलांना खाणं-शिक्षण मिळे. भुकेल्या पोटी पोर शिकत नाही हे तेव्हाही माहीत होतं. आपल्या शाळेतला दुपारचा पोषण आहार त्याच वाटेनं चाललाय.

मिशनच्या शाळेत पोर घातलं की धर्म बाटतो, अशी भीती पूर्वी घरोघर होती. सरफोजी पाद्र्यांकडं शिकला, पण हिंदूच राहिला. काशीयात्रा केली, बृहदीश्वराच्या देवळात भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरवला. गुरूलाही तो विसरला नाही. श्वार्ट्झच्या आठवणीसाठी त्यानं विलायतेहून संगमरवरी शिल्प घडवून आणलं. कुणी मात्र शिकून धर्म बदलला, तोही आपल्या बुद्धीनं. आपल्या जालन्यात स्कॉटलंडच्या मिशनचं काम करणारे नारायण शेषाद्री असेच ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. बेथेल ही वस्ती त्यांनीच वसवली.

आता आजचं बोलू. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्काच्या कायद्यानं 6 ते 14 वयाच्या प्रत्येक मुलाला, म्हणजे आठवीपर्यंत, फुकट शिक्षणाचा हक्क दिलाय. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य बायका असल्या पाहिजेत, हेही त्याच कायद्यात लिहिलंय. त्यातल्या किती बायका नुसत्या सहीपुरत्या आहेत, हे आपलं आपल्याला माहीत आहे.

तेव्हा पुढच्या बैठकीत एवढं करू. आपल्या समितीत कोण कोण आहे ते विचारू. सहावी ते आठवीच्या वर्गात नकाशे आहेत का, प्रयोगाचं सामान कपाटातून बाहेर निघतं का, ते जाऊन बघू. आणि हंगामाला कुठली पोरगी गावाबाहेर नेणार आहेत, त्यांची नावं वहीत लिहू. त्यांना आजी-मावशीकडं ठेवता येईल का, हे मुकादम उचल द्यायला यायच्या आधी ठरायला हवं. ट्रॅक्टर दारात उभा राहिला की बोलायला वेळ उरत नाही.