श्वानांच्या सांध्यांना पावडरींचा आधार कितपत?

पोलिस दल, लष्कर आणि विमानतळांच्या सुरक्षा पथकांतील श्वान दिवसाकाठी किती वेळा गाडीतून उडी मारतो, याचा हिशेब सहसा कोणी ठेवत नाही. त्यात जिने चढणे, भिंत ओलांडणे आणि सामानाच्या ढिगावर चढून वास घेणे यांची भर पडते. या सगळ्याचा भार खुबा, कोपर, गुडघा आणि पाठीच्या मणक्यांवर येतो. पथकांत नेहमी दिसणाऱ्या लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्ड या जातींमध्ये खुब्याच्या सांध्याची सदोष घडण आनुवंशिकतेने येते. त्यामुळे सहा-सात वर्षांचा कसलेला श्वान सकाळी उठताना अडखळू लागला, की श्वान हस्तकाचे लक्ष ‘सांध्यांसाठी उपयुक्त’ असे लिहिलेल्या डब्याकडे जाते. हा खर्च सार्थकी लागतो का? आजवरचे संशोधन पाहता बहुतेक डब्यांबाबत उत्तर नकारार्थी आहे.

या पूरकांचे मुख्य घटक दोन आहेत. ग्लुकोसामाइन हे प्रामुख्याने कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून, तर कॉन्ड्रॉइटिन जनावरांच्या कूर्चेपासून मिळवले जाते. सांध्यातील कूर्चेत हेच पदार्थ असतात, तेव्हा ते पोटात गेले की झिजलेली कूर्चा भरून निघेल, असा यामागचा तर्क. तो ऐकायला सुटसुटीत आहे. मात्र पचनसंस्थेतून जाताना यातील थोडाच अंश रक्तात उतरतो आणि त्यातला किती सांध्यापर्यंत पोहोचतो, हा पुढचा प्रश्न.

कॅनडातील संशोधकांनी २००३ मध्ये संधिवात झालेल्या ७१ श्वानांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. पायाने जमिनीवर पडणारा दाब यंत्राने मोजला असता कार्प्रोफेन आणि मेलॉक्सिकॅम ही वेदनाशामक औषधे घेणाऱ्या श्वानांत सुधारणा आढळली. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन घेणाऱ्यांत ती दिसली नाही. २००७ मध्ये ३५ श्वानांवरील दुसऱ्या अभ्यासात ७० दिवसांनंतर याच पूरकाने वेदना कमी झाल्याची नोंद झाली खरी. परंतु तेथे मोजमाप यंत्राचे नव्हते, तपासणाऱ्यांच्या निरीक्षणाचे होते. पुढे २०२२ मध्ये अशा अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनचा परिणाम जवळपास शून्य ठरला.

मग इतके मालक आणि हस्तक ‘फरक पडला’ असे का सांगतात? ते खोटे बोलतात असे नव्हे. संधिवाताचे दुखणे मुळातच कमी-जास्त होत असते. डबा आणला जातो तो दुखणे वाढल्यावर, आणि त्यानंतर ते आपसूकच थोडे उतरते. शिवाय पाहणाऱ्याची आशाही त्याच्या नजरेत उतरते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात केवळ नकली गोळी मिळालेल्या ५८ श्वानांची पाहणी झाली. मालकांच्या मूल्यमापनात निम्म्याहून अधिक वेळा हा आशेचा परिणाम आढळला. पशुवैद्यकही त्यातून सुटले नव्हते.

यातील बहुतांश चाचण्या आधीच लंगडणाऱ्या घरगुती श्वानांवर झाल्या आहेत, हेही ध्यानात घ्यावे. धडधाकट तरुण श्वानाला ‘पुढे त्रास नको’ म्हणून पावडर सुरू करण्यास पुराव्याचा भक्कम आधार नाही.

अपवाद माशांच्या तेलातील ओमेगा-३ मेदाम्लांचा. २०१० मधील एका अभ्यासात ३८ श्वानांपैकी काहींना ९० दिवस या तेलाने समृद्ध आहार दिला गेला. दुखऱ्या पायावर भार टाकण्यात यांपैकी ८२ टक्के श्वानांत सुधारणा झाली. साधा आहार घेणाऱ्यांत हे प्रमाण ३८ टक्के होते. २०२२ च्या आढाव्यानेही ओमेगा-३ च्या बाजूने कौल दिला. अर्थात तेल म्हणजे उष्मांक, आणि अतिरेक झाल्यास पोट बिघडते. मात्रा पशुवैद्यकानेच ठरवावी.

सर्वांत प्रभावी उपाय मात्र डब्यात मिळत नाही. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मापासून मृत्यूपर्यंत चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न मिळालेल्या श्वानांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे भरले, तर इतरांचे ११.२ वर्षे. संधिवाताचा त्रासही कमी खाणाऱ्यांत उशिरा सुरू झाला. पथकातील श्वानाचे वजन दरमहा नोंदवणे, बरगड्या हाताला सहज लागतील इतपतच त्याला खाऊ घालणे, कामापूर्वी थोडे चालवून आणणे, वाढलेली नखे कापणे, झोपायला उघड्या सिमेंटऐवजी जाड अंथरूण देणे आणि गाडीला उतरती फळी लावणे, यांना पैसा फारसा लागत नाही. शिस्त लागते.

पूरकांचा खरा धोका वाया गेलेल्या वेळेचा आहे. लंगडणे म्हणजे प्रत्येक वेळी संधिवात नव्हे. १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर मुंबई पोलिसांना तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स शोधून देणारा लॅब्रॅडॉर ‘जंजीर’ २००० मध्ये हाडांच्या कर्करोगाने दगावला. पायाला सूज किंवा सतत लंगडेपणा दिसल्यास आधी क्ष-किरण तपासणी, मग औषध, हाच क्रम योग्य. तपासणी करूनही पूरक वापरून पाहायचेच असेल तर एका वेळी एकच सुरू करावे, चालण्याचे चित्रीकरण करून ठेवावे आणि दोन महिन्यांत फरक न दिसल्यास ते बंद करावे. माणसांसाठीच्या गोळ्या मात्र कदापि देऊ नयेत. त्यांपैकी काही चघळायच्या गोळ्यांत गोडीसाठी झायलिटॉल असते आणि ते श्वानांच्या जिवावर बेतू शकते. आयबुप्रोफेन व पॅरासिटामॉलसारखी घरातली वेदनाशामकेही त्यांच्यासाठी तितकीच घातक आहेत.